अर्ध्या इंचाचे आटे

मंजिरी चौगुलेला ब्लॅकटाउनमधली नोकरी मिळाली ती एका गैरसमजामुळे. २००८ साल होतं. अकाउंटिंगच्या मास्टर्ससाठी ती सिडनीला आली तेव्हा तिच्यासारखी हजारो मुलं-मुली तिथे उतरत होती आणि सगळ्यांना एकाच वेळी काम हवं होतं. सुपरमार्केट, पेट्रोल पंप, पिझ्झावाले, सगळीकडे बायोडेटा देऊन झाला. "कळवतो" असं सगळे हसून सांगायचे आणि फोन कुणाचाच यायचा नाही. एका दुपारी स्टेशनमागच्या रस्त्याने चालताना तिला एका दुकानाच्या काचेमागे नळ्यांची वेटोळी टांगलेली दिसली. शेजारी पितळेची नि स्टीलची फिटिंग्ज, आणि खाली पाटी: कामाला माणूस हवा. परक्या देशात पहिल्यांदाच तिला काहीतरी ओळखीचं दिसलं होतं.

जयसिंगपूरला तिच्या वडिलांचं, दत्तात्रय चौगुल्यांचं, पाइप-फिटिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीतल्या उसाला पाणी पोचायचं ते आप्पांच्या दुकानातल्या सामानातून. शाळा सुटली की मंजिरी काउंटरमागे बसून एल्बो, टी, निपल, सॉकेट आपापल्या खोक्यांत टाकत राहायची. दहावीपर्यंत तिच्या बोटांना न बघताच अर्धा इंच आणि पाऊण इंच कळायला लागलं होतं.

पण आत गेल्यावर भाजलेल्या धान्याचा वास आला, आणि फळ्यांवर रिकाम्या बाटल्या नि मोठाली स्टीलची पातेली दिसली. दुकान घरच्या घरी बिअर बनवणाऱ्यांना लागणाऱ्या सामानाचं होतं. मालकीण ग्लेनिस साठीच्या पुढची, केस पांढरेशुभ्र, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"बिअरबद्दल काय येतं तुला?" तिने विचारलं.

"काहीच नाही. मी पीत नाही," मंजिरी म्हणाली. दारापर्यंत गेली आणि तिला राहवेना. "पण तुमच्या एल्बोच्या खोक्यात तीन टी पडलेत. आणि त्या पितळेच्या कॉकचे आटे खराब झालेत, तो कुणाला देऊ नका."

ग्लेनिसने चष्मा लावला, खोकं पालथं केलं, तीन टी वेगळे काढले. "सोमवारी ये, लव्ह," ती म्हणाली.

रविवारी दुपारी, म्हणजे तिकडे सकाळी, मंजिरीने घरी फोन लावला. "आप्पा, पाइपच्या दुकानात नोकरी लागली." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या पाइपांतून काय वाहतं ते तिने सांगितलं नाही. आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, आणि दारू पिणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ "उद्या या" म्हणायचे. लेकीच्या नोकरीचं ऐकून मात्र ते इतके खुलले, की अभ्यासाचं विचारायचं विसरून "माल कुठल्या कंपनीचा येतो?" हेच आधी विचारलं.

दोनेक महिन्यांनी दुकानात नॉर्म आला. हा निवृत्त पोस्टमन, घरामागच्या अंगणातल्या शेडमध्ये बिअर बनवायचा. बादलीभर फिटिंग्ज त्याने काउंटरवर ओतली.

"मला तुमच्याकडची सगळ्यात भारी नळी दे," तो वैतागून म्हणाला. "चौथ्यांदा बदलतोय. दरवेळी गळते, पंप हवा ओढतो आणि सगळा फेस होतो."

मंजिरीने नळी पाहिली. गरम सोसणारी, खाण्यापिण्याला चालणारी, सिलिकॉनची. नळीला काही झालं नव्हतं. मग तिने बादलीतलं एक फिटिंग उचललं आणि काउंटरवरच्या कॉकला लावलं. दोन-तीन आटे सुरळीत गेले, मग अडकलं. पांढऱ्या टेपचे थर तर असे गुंडाळले होते, की मोडलेल्या पायाला प्लास्टर बरं.

"नळी नको घेऊस," ती म्हणाली. "मला रविवारपर्यंत वेळ दे."

नॉर्मने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसने खांदे उडवले. विकत घेऊ नका म्हणणारी पोरगी तिनेही पहिल्यांदाच पाहिली होती.

"आप्पा, अर्धा इंची आहे," रविवारी मंजिरीने फोनवर सांगितलं. "दोन आटे जातात आणि अडतंय."

"अमेरिकन माल असणार," आप्पा क्षणात म्हणाले. "त्यांचे आटे मोजले तर आपल्याइतकेच भरतात, पण उतार निराळा. बसल्यासारखं वाटतं, बसत नाही. टेप किती बी लाव. सगळं एका जातीचं घे. त्या पाइपातनं काय जातंय?"

मंजिरी अडखळली. "गरम... गोड पाणी आहे. जवाचं. उकळून एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचं."

"गोड? म्हणजे काकवीगत!" आप्पांना गुऱ्हाळच डोळ्यांसमोर आलं. "मग पंप भांड्याच्या खाली ठेवायला सांग, वरून भरून आला पाहिजे. आणि वळणं कमी ठेव बाई, एल्बो जितके कमी तितकं बरं."

पुढच्या शनिवारी मंजिरी नॉर्मच्या शेडमध्ये गेली. अमेरिकेहून मागवलेलं सगळं काढून तिने एकाच मापाची, एकाच आट्यांची फिटिंग्ज बसवली. चार एल्बोंचे दोन केले. पंप उंच फळीवरून खाली विटेवर आणला. आधी साधं पाणी सोडलं. नॉर्म गुडघ्यांवर बसून एकेक सांधा बोटाने चाचपत होता. बोट कोरडं.

"सहा महिने!" तो ओरडला. "सहा महिने मी नळीला शिव्या देत होतो!"

हा उपाय कुणी सांगितला ते कळल्यावर त्याने आप्पांचा पत्ताच मागितला. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलेला माणूस, आभार मानायचे तर पत्रानेच, असं त्याचं म्हणणं. मंजिरीला नाही म्हणता येईना. आता पत्रात बिअरचा उल्लेख येणार हे उघड होतं. पुढच्या रविवारी तिने छातीवर दगड ठेवून सगळं सांगून टाकलं.

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली. मग आईचा आवाज आला. "त्यांनी फोन माझ्या हातात दिलाय आणि बाहेर गेलेत."

पुढचे तीन रविवार आईच बोलली. मंजिरीने नोकरी सोडायचा विचारही केला. ग्लेनिसला तसं बोलूनही दाखवलं. "तुझ्या वडिलांचा राग मला समजतो," ग्लेनिस म्हणाली. "माझा नवरा पिण्यापायीच गेला. घरी बनवणारे लोक मला बरे वाटतात, कारण ते पिण्यापेक्षा पाइप जोडण्यातच जास्त रमतात. पण निर्णय तुझा."

चौथ्या रविवारी फोन आप्पांनी उचलला.

"त्या नारमचं पत्र आलंय. इंग्रजीच्या कुलकर्णी सरांकडनं वाचून घेतलं," ते म्हणाले. आवाज अजून जरा ताठच होता. "दारूचं मला पटत नाही, पटणार बी नाही. तू खरं सांगायला उशीर केलास, ते तर अजिबात पटलं नाही."

"चुकलं, आप्पा."

"हं. पण माणूस चित्र चांगलं काढतो. पंप खाली का, ते त्याला नीट कळलेलं नाही. उत्तर धाडलंय मी. आकृती काढून."

त्यानंतर जयसिंगपूर आणि ब्लॅकटाउन यांच्यात आकृत्यांची अशी काही ये-जा सुरू झाली, की कुलकर्णी सर कंटाळून गेले.

२०१० मध्ये मंजिरीच्या ग्रॅज्युएशनला आप्पा आले. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी, "तो पंप दाखव," म्हणाले. शेडमध्ये नॉर्मने त्यांच्यासाठी चहा करून ठेवला होता. आप्पांनी चहा तसाच ठेवला आणि वाकून सांधे तपासायला लागले.

"हा असला क्लॅम्प कशाला लावलास?" त्यांनी नळी आवळणाऱ्या पट्टीकडे बोट दाखवत मंजिरीला विचारलं. "ह्याच्या पट्टीला दातेच नाहीत. स्क्रूचा दात्यांचा लाव, घट्ट आवळ."

"सिलिकॉन मऊ असतं, आप्पा. दात्यांची पट्टी आवळली की नळी कापते. गुळगुळीतच लागते इथे."

"पंचवीस वर्षं क्लॅम्प विकतोय मी."

"रबरी पाइपावर विकताय."

आप्पांनी हट्टाने नॉर्मच्या डब्यातला दात्यांचा क्लॅम्प शोधला, लावला, दातओठ खाऊन आवळला आणि पंप चालू करायला सांगितलं. एवढा वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहणाऱ्या नॉर्मने बटण दाबलं. नळी क्लॅम्पच्या कडेशी फाटली आणि पाण्याची चिळकांडी आप्पांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर, चष्म्यावर, मिश्यांवर उडाली. नॉर्म पंप बंद करायला धावला. आता काय ऐकावं लागतंय या विचाराने मंजिरीने हातरुमाल पुढे केला.

आप्पांनी चष्मा पुसला. फाटलेली नळी हातात घेऊन कड नीट निरखली. मग एकदम खो खो हसत सुटले.

"बरोबर आहे तुझं," ते नॉर्मला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतच म्हणाले. "पोरगी माझ्या पुढं गेली!"

"काय म्हणाले?" नॉर्मने विचारलं.

"तुला एक नळी लागणार म्हणाले," मंजिरी म्हणाली. तिला बाकीचं इंग्रजीत सांगता येईना.

मंजिरी आता सिडनीतल्याच वेंटवर्थव्हिलला राहते आणि पंप बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघते. बिअरची चव अजून तिला ठाऊक नाही. त्या वेळी गावी परतताना आप्पांनी तिच्याकडून गुळगुळीत पट्टीचे दोन डझन क्लॅम्प बांधून घेतले. विमानतळावर तपासणाऱ्याने बॅग उघडून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून एवढंच सांगितलं, "माय डॉटर्स आयटम."