हारुनभाई सरहद्द ओलांडतात

लबनची बाटली फुटली तेव्हा वासुदेवच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की छताला लागलंय तेवढं पटकन पुसून घेऊ, कुणाला कळणारही नाही. दुसरा विचार यायच्या आत छतावरचा थेंब त्याच्या चष्म्यावर पडला.

"फुटली" हा शब्दसुद्धा त्याने नंतर स्वतःच्या बचावासाठी काढला. बाटली फुटली नव्हती, त्याने उघडली होती. लबन म्हणजे इथलं, आखातातलं ताक. दोन लिटरची बाटली त्याने आदल्या संध्याकाळीच हारुनभाईंच्या गाडीत सीटखाली सरकवून ठेवली होती, कारण सकाळी ती हातात दिसली असती तर हारुनभाईंनी त्याला बाटलीसकट खाली ठेवलं असतं. त्या गाडीत खाणं नाही, पिणं नाही, च्युइंगम नाही, आणि शिंक आलीच तर काच उघडून बाहेर. ऑगस्टची रात्र, अल कुसैसमधलं उघडं पार्किंग, त्यावर सकाळचा प्रवास. एवढ्या वेळात त्या ताकाने आत काय काय केलं ते ताकालाच माहीत. सरहद्दीच्या अलीकडे, कलब्याला पेट्रोल पंपाशेजारच्या मशिदीत हारुनभाई दुपारच्या, जोहरच्या नमाजाला गेले, एसी चालू होता, वासुदेव एकटा होता. त्याने झाकण फिरवलं. आवाज झाला तो असा, की पलीकडच्या गाडीतल्या माणसाने आपले टायर बघितले.

छत, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, एसीच्या जाळ्या. आणि मागच्या हुकाला टांगलेली हारुनभाईंची मोतिया रंगाची शेरवानी. तिच्यावर प्लास्टिकही नव्हतं. प्लास्टिकमध्ये कापड घामेजतं, असं हारुनभाईंचं मत होतं, आणि कपड्यांच्या बाबतीत हारुनभाईंच्या मताला अख्ख्या अल कुसैसमध्ये कुणी आव्हान देत नसे.

हारुनभाई आले. दार उघडलं. वास त्यांना आधी भेटला, दृश्य मागून. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, नाकावर धरला आणि एकेक जागा बघत गेले, जणू पंचनामा करतायत. शेरवानीपाशी नजर थांबली. डाव्या छातीवरून एक आंबट ओहोळ खिशापर्यंत आला होता.

"उतर," ते म्हणाले.

वासुदेव उतरला.

मग हारुनभाई रुमालाची घडी खिशात ठेवत म्हणाले, "बस."

कारण त्यांना वासुदेवला तिथे सोडून जाता येत नव्हतं. गाडी वासुदेवच्या नावावर होती.

हे कसं झालं, त्यासाठी हारुनभाईंकडे जरा मागे जाऊन बघायला हवं.

हारुन इस्माईल पेवेकर, मूळचे म्हसळ्याकडचे, सव्वीस वर्षांपासून इथे. अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागातल्या एका मोठ्या लाँड्रीत आलेला माल निवडायच्या विभागाचे प्रमुख. हॉटेलांच्या चादरी, लेबर कॅम्पांचे कव्हरऑल, शेखांच्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्या, सगळं आधी त्यांच्या टेबलावर पडायचं. माणूस जे जगापासून लपवतो ते लाँड्रीत पाठवतो, आणि हारुनभाईंनी ते सव्वीस वर्षं चिमटीत धरून बघितलेलं. त्यामुळे मनुष्यजातीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं राहिलं नव्हतं. कुणी झकपक सूटवाला बँक मॅनेजर समोरून गेला की ते हळूच म्हणायचे, "याची कॉलर मी बघितलीय."

घाणीचा कंटाळा कामावर यावा तर घरी तरी सुटका असते. हारुनभाईंना घर म्हणजे देरा भागातल्या एका खोलीतला खालचा बंक होता. आठ माणसं, एक न्हाणीघर, सोळा मोजे. वरच्या बंकवरचा माणूस झोपेत नखं खायचा आणि ती खाली यायची. हारुनभाई सकाळी उठून आधी उशी झटकायचे, मग अल्लाचं नाव घ्यायचे. क्रम चुकीचा आहे हे त्यांना कळत होतं, पण इलाज नव्हता. बायकोला, जुलेखाभाभींना, ते फोनवर रोज सांगायचे, "इथे माणसं राहत नाहीत, माणसांचे वास राहतात."

आणि एक दिवस त्यांनी गाडी घेतली. पांढरी, वापरलेली, पण आतून अशी जपलेली की जणू आधीचा मालक तिच्यात कधी बसलाच नव्हता. ड्रायव्हिंग लायसन्स त्यांच्याकडे नव्हतं. टेस्टमध्ये ते आठदा नापास झाले, त्यातले तीनदा तरी तपासनीसाने गाडीत ढेकर दिल्यामुळे लक्ष उडालं म्हणून. लायसन्स नाही तर गाडी नावावर होईना, तेव्हा ती शेजारच्या खोलीतल्या वासुदेवच्या नावावर झाली. वासुदेव श्रीवर्धनचा, एका ट्रेडिंग कंपनीत हिशेबनीस, लायसन्सवाला आणि रायगडवाला, म्हणजे घरचाच. पासिंग सोडलं तर दोन वर्षं ती गाडी जागची हलली नाही. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर हारुनभाई तिच्यात जाऊन बसायचे. काचा बंद, एसी चालू, दोन्ही हात मांडीवर. अर्धा तास कुणाचाही वास नाही.

"कुठे जाऊन आलात हारुनभाई?" लोक चेष्टा करायचे.

"कुठेच नाही," ते म्हणायचे. "फार छान होतं."

पुढे नवव्या खेपेला लायसन्स मिळालं, दोघंही देरा सोडून अल कुसैसला राहायला आले, पण गाडी नावावर करून घ्यायचं राहूनच गेलं. त्यासाठी तपासणीच्या केंद्रात गाडी द्यावी लागते, आणि तिथे कुणीतरी ग्रीसचे हात घेऊन तिच्यात बसणार, हे हारुनभाईंना सोसण्यासारखं नव्हतं. दर वर्षीचं पासिंग टळत नव्हतं, तेव्हा त्याला ते वासुदेवलाच पाठवायचे आणि स्वतः त्या दिवशी जेवायचे नाहीत.

आता आली सरहद्द. पलीकडे ओमानमध्ये, सोहारला, हारुनभाईंच्या वारलेल्या धाकट्या भावाची मुलगी सुमैय्या, तिचा आज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर निकाह. मुलीकडून वली, म्हणजे तिला लावून देणारा वडीलधारा पुरुष, लागतो. बाप नाही, आजा नाही, भाऊ नाही, तेव्हा चुलता. म्हणजे हारुनभाई तिथे पोचले तर निकाह, नाहीतर दोनशे माणसं बिर्याणीकडे बघत बसणार. काझींनी सुचवून बघितलं होतं, की फोनवरून दुसऱ्या कुणाला अधिकार देता येतो. हारुनभाई म्हणाले होते, "फोनवरून लोक पिझ्झा मागवतात. मी पोरीला कडेवर घेऊन फिरलोय." आणि दुसऱ्याच्या नावची गाडी सरहद्दीपार न्यायची तर मालकाचं पत्र तरी हवं, नाहीतर मालक तरी. पत्रावर शिक्के, शिक्क्यांना खेपा. वासुदेव म्हणाला, मीच येतो की. मटण-वडे मिळतील हा विचार त्याने बोलून दाखवला नाही.

तर "बस" म्हणून झाल्यावर हारुनभाईंनी डिकीतून आपली पेटी काढली. त्यात त्यांचे डागांचे निरनिराळे उपाय असायचे. शेरवानीवर थंड पाणी टिपत ते स्वतःशीच बोलत होते.

"दुधाच्या डागाला गरम लावायचं नाही. गरम लावलं की बसतो. हे शेंबड्या पोराला कळतं."

"हारुनभाई, मी पुसू का?"

"तू हात खिशात ठेव."

"ओले आहेत."

"म्हणूनच."

"टाकून तरी कसं देणार होतो," वासुदेव पुटपुटला. "दहा दिरहम, म्हणजे जवळजवळ अडीचशे रुपयांचं ताक."

हारुनभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की वासुदेवने पुढचं गणित केलं नाही.

वेळ नव्हता. सीटवर टॉवेल टाकून निघाले. आणि सरहद्दीवर शनिवारची रांग. दोन्हीकडे सुट्टी, सगळी दुनिया ओमानातल्या थंड, पावसाळी सलालाकडे निघालेली, गाड्यांच्या टपावर तंबू, पोरं, कोळशाच्या शेगड्या. ऊन पंचेचाळीस. अशा वेळी कुणीही काच खाली केली असती. हारुनभाईंनी केली नाही.

"जरा हवा येऊ द्या," वासुदेव नाक दाबून म्हणाला.

"वास बाहेर जाईल."

"तेच तर हवंय."

"लोकांना जाईल, वासुदेव. लोक म्हणतील, या माणसाची गाडी घाण मारते."

तेव्हा वासुदेवच्या लक्षात आलं, की हा माणूस वासात गुदमरून मरायला तयार आहे, पण वासाचा मालक म्हणून दिसायला तयार नाही. एसी तोच आंबटपणा गोल गोल फिरवून परत तोंडावर मारत होता. थेंब सुकून पिवळे पडत होते. हारुनभाईंचा चेहरा जुन्या लिंबासारखा आक्रसला होता. इकडचा शिक्का व्हायला पाऊण तास गेला. ओमानच्या बाजूला पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि सोहार अजून तासभर लांब होतं.

तिकडच्या खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने गाडीचं कार्ड बघितलं, मग दोघांकडे.

"मालक कोण?" त्याने हिंदीत विचारलं.

वासुदेवने चिकट हात वर केला.

"आणि हा तुझा ड्रायव्हर?"

अकरा वर्षं स्वतःच्या हाताने जिचा गियर पुसला, त्या गाडीत हारुनभाई ड्रायव्हर झाले होते, आणि मालक होता अंगभर ताक सांडलेला हा माणूस. वासुदेव काहीतरी सांगायला गेला, की नाही, म्हणजे कागदावर मी, पण खरं तर हे. हारुनभाईंनी त्याचा गुडघा दाबला. कागदावर एक आणि खरं तर दुसरं, हे वाक्य सरहद्दीवर उच्चारायचं नसतं.

"हो," हारुनभाई म्हणाले. "ड्रायव्हर."

अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि हात डावीकडे दाखवला. तपासणीची लेन. तिथे पुढच्या प्रत्येक गाडीतून सगळं बाहेर काढत होते. बॅगा, सतरंज्या, टपावरचे तंबू, एका गाडीतून तर अख्खी आजी खुर्चीसकट. एकेका गाडीला दहा-पंधरा मिनिटं, आणि पुढे सात गाड्या. वासुदेवने मनात गुणाकार केला आणि तोंड बंद ठेवलं. हारुनभाईंच्या फोनवर भावजयीचा, फिरदोसचा, तिसरा कॉल आला. त्यांनी "इन्शाल्ला" एवढंच म्हणून ठेवला.

तेवढ्यात तपासणीवाल्यांपैकी एक जण रांगेतून चालत, गाड्यांवर नजर टाकत आला. त्याने हारुनभाईंच्या गाडीच्या मागच्या दारावर टकटक केली आणि दार उघडलं. तासाभराचं साठलेलं लबन एकदम बाहेर आलं. तो माणूस दोन पावलं मागे गेला. त्याने डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं, आत एकदा बघितलं, छताकडे, शेरवानीकडे, मग हारुनभाईंकडे. त्या बघण्यात राग नव्हता, संशय नव्हता. लाँड्रीच्या टेबलावर एखादी चादर चिमटीत धरून हारुनभाई जसे बघत, तसा तो बघत होता.

"यल्ला," तो म्हणाला, आणि हाताने माशी हाकलावी तसं केलं. "खलास. जा."

बाजूचा अडसर काढून त्याने त्यांना रांगेच्या बाहेरून सोडून दिलं. त्यांची एक पिशवीसुद्धा उघडली गेली नाही.

"हारुनभाई, सुटलो," वासुदेव म्हणाला. "बघा, ताकाने काम केलं."

हारुनभाई समोर बघत गाडी हाकत राहिले. वाटेवरचं शिनास गेलं, समुद्र दिसायला लागला. वासुदेवने हळूच बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. सव्वीस वर्षं ज्या माणसाने जगाकडे नाक मुरडलं, त्याच्याकडे आज पहिल्यांदा कुणीतरी नाक मुरडलं होतं, आणि तेही त्याच्या एकुलत्या एका स्वच्छ खोलीत डोकं घालून. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःहून चारी काचा खाली केल्या. गरम वारा आत आला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हॉलच्या दारात फिरदोसभाभी उभ्या होत्या. असरचा नमाज संपत आलेला. शेरवानीवर डाग सुकून पिवळा नकाशा झाला होता, आणि अंगातला शर्ट घामाने आणि ताकाने पाठीला चिकटलेला. सुमैय्याने आतून डोकावून बघितलं.

"चाचा, व्हॉट हॅपन्ड टू यू?"

"काही नाही गं पोरी. ट्रॅफिक."

हात धुवायच्या नळाशी वासुदेवने आपली पिशवी उघडली. त्यात त्याचा वडे खायच्या वेळी घालायचा म्हणून आणलेला शर्ट होता, पोपटी, मोठ्या चौकटींचा, दोनदा घालून घडी केलेला. त्याने तो पुढे केला. हारुनभाईंनी आयुष्यात दुसऱ्याचा कपडा घातला नव्हता. धुतलेलासुद्धा नाही, कारण धुण्याने किती निघतं हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी शर्ट दोन बोटांनी धरला. कॉलर उलटी केली, बघितली. वासुदेवने दुसरीकडे बघितलं. आतून काझींनी हाक मारली, "वली आले का?"

हारुनभाईंनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि शर्ट घातला.

मग ते आत गेले. पांढऱ्याशुभ्र माणसांच्या मधोमध पोपटी चौकटींत बसले. नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि काझींनी सांगितलेले शब्द एकही न अडखळता म्हटले. शेवटी सुमैय्याच्या बापाचं नाव आलं तिथे आवाज किंचित बारीक झाला, तेवढाच. कुणी शर्टाकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या तोंडाला खजूर लागला. सुमैय्या येऊन चाचाच्या गळ्यात पडली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

वड्यांच्या पंगतीला वासुदेव त्यांच्या शेजारी बसला. त्याचं मन भरून आलं होतं. वडेही भरपूर होते. त्याला वाटलं, आज या माणसाने आपल्यासाठी, म्हणजे पोरीसाठी, केवढं सोसलं. त्याने जवळ सरकून हळूच विचारलं, "हारुनभाई, खरं सांगा, माझ्या शर्टाचा वास आला का हो?"

हारुनभाईंनी वडा मोडला, रश्शात बुडवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "अकरा वर्षं येतोय."