मुलीच्या सासरी मत मागत नाहीत

“बाकी सगळा वॉर्ड पायी फिरीन, पण त्या खांच्यात नाही जायचा. मुलगी दिली आहे तिथं,” पिलाजीराव म्हणाले.

“काका, तीनशे मतं आहेत त्या गल्लीत,” मतदारयादी घेऊन बसलेला पुतण्या नारायण म्हणाला.

“असू दे ने. मुलीच्या घरचं पाणी पीत नाही आपण, आणि मत मागू? ए वात सोड, नावच काढू नको. आता गिरणीचा तो पट्टा ताण जरा, सरकलाय.”

पाणीगेटच्या आत पिलाजीराव शिर्क्यांची पिठाची गिरणी. बडोद्यात तिला घंटी म्हणतात. पणजा संस्थानच्या फौजेत होता. त्याची तलवार गेली कुठंतरी, ताठा तेवढा पिलाजीरावांत उतरला. वय छप्पन, अंगानं काटकुळा, पण वळणाचा पक्का गडी. उघड्या डोक्यानं गिऱ्हाइकापुढं बसायचा नाही. सुनेनं पदर घ्यावा, देवळापुढं आमलेटची लारी, म्हणजे हातगाडी, नसावी, गरबा वेळेत उठावा, असं त्यांचं म्हणणं. नगरसेवक वारला, पोटनिवडणूक लागली. पक्षानं तिकीट दिलं नाही, तर अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली फुगा.

लारीवाल्यानं भर चौकात टोचलं, “शिर्केकाका, रविवारी मटण तर तुमच्या घरीपण शिजतं.”

“शिजतं. देवाच्या नाकापुढं नाही शिजत.”

लोक हसले, पण ऐकत होते. वीस दिवस सकाळ-संध्याकाळ दारोदार हात जोडले. भोंग्याची रिक्षा मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी यायची. पिलाजीराव खूण करायचे, भोंगा बंद व्हायचा, रिक्षा वळायची.

एकशे अठरा मतांनी पडले.

नारायणानं फोनवर सांगितलं तेव्हा ते घंटीच्या दगडाला टाकी लावत होते. ‘बरं’ म्हणाले. उरलेला दगड टाकीनं टोचून काढला. घरी जाऊन वरणभात जेवले, झोपले. बायको मंदाकिनीबाई रात्रभर कानोसा घेत होत्या, काही बोलतील, निदान कुणाला शिवी देतील. माणूस नुसता घोरत होता.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. विश्वासराव, मुलीचे सासरे. पिलाजीरावांनी खुर्चीवरचं पीठ पुसलं.

“बसा.”

“बसायला नाही आलो. आमच्या खांच्यात का नाही आलात?”

“मुलीच्या दारात हात कसा पसरायचा, विश्वासराव?”

“पाच वर्षं झाली मुलगी देऊन, अजून आम्ही पाहुणेच? गल्लीतले गुजराती रोज विचारायचे, वेवाईशी बोलणं बंद आहे का. मी काय सांगायचं? ते म्हणाले, जो सख्ख्या व्याह्याच्या दारात येत नाही, तो निवडून आल्यावर आमच्या काय येणार.”

“हां.”

“तुमची संयोगिता रोज पाचाला ओट्यावर येऊन उभी राहायची. भोंगा जवळ यायचा, बंद व्हायचा. मग आत जायची.”

पिलाजीराव चाळणीच्या कडेचं पीठ बोटानं झाडत राहिले.

“आणि तुम्ही? मत?”

“आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. बोलावल्याशिवाय लग्नाला तरी कोण जातं?”

मुलगी गेली का, हे पिलाजीरावांनी विचारलं नाही. घरातलं कुणी नाही म्हणजे ती आलीच त्यात. राग येईल असं वाटून ते जरा थांबले. आला नाही. रडूही नाही. गुडघा तेवढा ठणकत होता, वीस दिवस चालून.

“चहा घ्या,” ते म्हणाले.

“तुम्ही आमच्याकडं घेत नाही.”

“मुलीकडच्यांनी नाही घ्यायचा. तुम्हाला काय आहे?”

विश्वासराव उभ्या उभ्या चहा प्याले. जाताना “येतो” म्हणाले. पिलाजीरावांनी मान हलवली.

मागं घंटीच्या गल्लीतली एक बाई बाजरीचा डबा घेऊन खोळंबली होती.

“केवी दळू? जाड?”

“झीणी, काका. रोटला तुटे छे.”

पिलाजीरावांनी टोपी सारखी केली, बारीक दळणासाठी दगड आवळला आणि बटण दाबलं.