दाव्यासकट आलेली व्हॅन

हे लिहावं की नाही, यात माझे तीन महिने गेले. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा तर मग शिकून उपयोग काय, असं मला खरंच वाटतं. घरात कुणी बाधा, नजर असलं काही बोललं की मी भांडायचे. अजूनही भांडते. तरी जे झालं ते झालं... जसं झालं तसंच लिहिते. मीठमसाला लावून सांगणं मला जमत नाही.

आम्ही कुंडलचे. माझ्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की लोक त्यांच्याकडे आणतात. ते जळलेली तार काढून नवी भरतात. काम हातात बसलेलं, पण मळ्यातून मोटर आणायची आणि परत पोचवायची म्हणजे दर वेळी टेम्पोवाल्याच्या मागे लागायचं. तो त्याच्या सवडीनं येणार, तोवर गिऱ्हाईक पलूसला जाणार. म्हणून दिवाळीनंतर ठरलं, एक जुनी व्हॅन घ्यायची. चालवणार मी. आण्णांना गाडी येत नाही आणि मी सुट्टीत लायसन्स काढलं होतं.

जुनी गाडी कशी बघावी, याची मी मोबाइलवरून वाचून यादी केली. मॅट उचलून तळ गंजलाय का बघा, ऑइलचं टोपण काढून आत पांढरा फेस आहे का बघा, टायर एकाच बाजूनं झिजलेत का बघा. आण्णांनी यादी ऐकली, मान हलवली आणि खिशात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर टाकला. सांगलीत पहिली व्हॅन बघितली, नवा रंग मारलेली, चकचकीत. आण्णांनी पुढची सीट उचलायला लावली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सीटखालच्या चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. गाडीवाला हसायला लागला.

"आवं, डॉक्टर हाय का तुमी?"

"मोटारींचा हाय," आण्णा म्हणाले. "तुमचा पेशंट जगत न्हाई."

अशा तीन गाड्या नापास झाल्या. चौथी रहिमतपूरला होती. कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही एस.टी.नं गेलो. एक तात्या म्हणून गृहस्थ त्या व्हॅनमधून खारी, बटर, टोस्ट गावोगावच्या दुकानांना पोचवायचे. त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, म्हणून गाडी विकायची होती. रंग पार उडालेला. पण मी मॅट उचललं तर तळ कोरा करकरीत. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावलेलं. काच खालीवर करायची मूठसुद्धा तेल दिल्यासारखी फिरत होती. आण्णांनी कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ही गाडी कुणीतरी रोज पुसलीय," ते एवढंच म्हणाले.

तात्या आतल्या खोलीत खिडकीशी खाटेवर होते. साठीचे असतील. बोलणं थोडं जड, पण कळत होतं. त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?"

आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं आता हसतील. आमच्या गावात एक जण म्हणालाच होता, "काय मेस्त्री, पोरगीला ड्रायव्हर केलं, आता जावई आला की क्लीनर करणार जणू!" पण तात्या अर्ध्या तोंडानं हसले ते वेगळंच.

"मग झ्याक. बाप्यांस्नी क्लच कळत न्हाई. त्याच्यावर पाय ठिवूनच बसत्यात. तू ठिवू नगंस."

त्यांनी काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझा नंबर फोनमध्ये घालायला सांगितला. आम्ही गाडी घेऊन पुसेसावळीमार्गे घरी आलो. गाडीभर टोस्टचा वास येत होता.

पहिला फोन आठवड्यानं आला. सकाळी अकराच्या सुमारास.

"पोरी, बॅटरीतलं पाणी बघितलंस का? मधल्या घरातलं उतारलंय."

मी बघितलं. सहा घरांपैकी मधलं एक खरंच कमी होतं. म्हटलं, जुना मालक आहे, सवय माहीत असणार. चार दिवसांनी फोन, डाव्या मागच्या चाकात खिळा आहे. होता. हवा अजून गेली नव्हती, खिळा तेवढा रुतलेला होता. मग एकदा पलूस रोडवर, मागे एक मोटर घेऊन मी एकटीच चाललेले... फोन वाजत राहिला म्हणून गाडी कडेला घेतली.

"मागचं दार उघडं हाय गं! मोटर पडंल की!"

मागे जाऊन बघते तर दार अर्धवट उघडं आणि मोटर कडेला सरकलेली. त्या दाराची कडी ढिली होती. तात्यांनी हँडलला एक दोरी बांधून ठेवलेली, तिनं दार आवळून बांधायचं असायचं. त्या दिवशी मी घाईत बांधली नव्हती. पण हे रहिमतपूरला खाटेवर पडलेल्या माणसाला कसं कळलं? रस्त्यावर मागेपुढे कुणी नव्हतं. मी तिथंच पाच मिनिटं उभी राहिले. मग मोटर आत ढकलली आणि दोरी दोनदा आवळून बांधली.

आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "गावातलं कोण तरी सांगत असंल." पण आण्णा मीटर लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी एका दुपारी, मलाही न सांगता, दुकानामागे उभ्या गाडीच्या रेडिएटरचं टोपण काढून खिशात ठेवलं. वीस मिनिटांत माझा फोन वाजला. मी स्पीकरवर लावला.

"मेस्त्री जवळ हाय का? त्याला म्हणावं, टोपण खिशात घालून फिरू नगं. इसरशील आणि इंजिन बसवशील माझं."

आण्णा खाली बसले. खिशातून टोपण काढून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. 

खरं सांगायचं तर भीती लवकर गेली. उलट मी त्या फोनची वाट बघायला लागले. हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण तात्यांनी मला गाडी शिकवली. प्लग कसे घासायचे, चढाला गिअर कधी बदलायचा, ऑइल काळं झालं म्हणजे नेमकं किती काळं. आमच्या घरात माझ्या आधी कशातच पुढं गेलेलं कुणी नव्हतं. कॉलेजचा फॉर्म भरताना कुणाला विचारायचं ते माहीत नव्हतं, प्रॅक्टिकलला काय न्यायचं तेही नव्हतं. सगळं चुकून चुकून शिकले. आणि इथं कुणीतरी आधीच त्या वाटेनं जाऊन आलेलं होतं, आणि मागे वळून सांगत होतं. एकदा आण्णा आणि मी कोयनानगरला एका ओळखीच्यांची मोटर पोचवायला गेलो. येताना घाट उतरून चहाला थांबलो तर फोन.

"आज ब्रेकवर न्हाई, गिअरवर उतारलीस. शाबास."

आण्णांनी मला आयुष्यात शाबास म्हटलेलं नाही. त्यांचा तो स्वभावच नाही. मी चहा तसाच ठेवून गाडीमागे जाऊन थोडा वेळ रडले.

आईला हे सगळं उशिरा कळलं. आईचं माहेर शेतकरी, बैलांचं घर. तिनं ऐकून घेतलं, बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या दाराशी थांबली. दाराला बांधलेली ती दोरी हातात घेतली. जाड, सुती, टोकाला लाल-हिरव्या गोंड्यांचे धागे उरलेले.

"हे दावं हाय. बैलाचं. हे बी घिऊन आलासा?"

"गाडीबरोबर आलं. दार बांधायला लागतं."

"आगं, जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. घेणारा आपलं दावं घिऊन जातो. दाव्यासंगं जीव जातो मालकाचा, खुट्याला ऱ्हात न्हाई मग. माघारी दिऊन ये."

मी नेहमीसारखी भांडले. म्हटलं, गाडी म्हणजे बैल नव्हे. पण आतून कुठंतरी मला ते पटलं होतं, आणि म्हणूनच मी दावं परत केलं नाही. समजा आईचं खरं असेल तर? मग फोन यायचे थांबतील.

त्यानंतर काही दिवसांनी काकींचा फोन आला. तात्या झोपलेले असताना केलेला, हळू आवाजात.

"बाई, रागवू नगंस. तुजा काय दोष न्हाई. पण हे माणूस हितं नसतंय गं. मी घास भरवाया जाते तर म्हणत्यात, थांब, गाडी चढाला लागलीय. व्यायाम करून घ्याला एक जण येतो, त्याला म्हणत्यात, हात रिकामा न्हाई. मी समूर बसलेली असते आणि माणूस तुमच्या गाडीत. काय करू?"

मला दाव्याचं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बघते हं काकी." आणि गप्प बसले. जवळजवळ महिनाभर. परीक्षा जवळ आली होती, गाडीला काम खूप होतं — अशी कारणं स्वतःला देत राहिले. या सगळ्या प्रकारात अमानवीय जे काही असेल ते असो, पण त्या महिन्यात मी जे केलं ते सांगायला मला जास्त जड जातंय.

मग काकींचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज हळू नव्हता, नुसता कोरडा होता.

"काल मला म्हणाले, बाई, तू कुणाची? खाली उतर, गाडीत बसू नगंस."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी आईला घेऊन निघाले. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आता सावकाश चालव."

रहिमतपूरला गल्लीच्या तोंडाशीच काकी उभ्या होत्या. "तासाभरामागंच म्हणाले, पुसेसावळी सोडली, आता येतीयाच." मी दार बांधलेलं दावं सोडलं आणि आत गेले. तात्या मागच्यापेक्षा बारीक झाले होते. मी दावं त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं गोंड्याचे धागे चाचपले.

"आणलंस व्हय... मला वाटलं, ठिवशील."

त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तात्या, ठेवू का?"

 काकी दाराशी उभ्या होत्या, पदर मुठीत धरून. तात्यांनी आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"मी ठिव म्हणलो तर ठिवशील. म्हणून तर इचारू नगंस." मग थोडं थांबून म्हणाले, "प्लग पुढच्या महिन्यात बदल. आणि कुणाचं ऐकून स्वस्तातलं ऑइल घालू नगंस."

त्यांनी दावं काकींकडं केलं. काकींनी ते भिंतीवरच्या खुंटीला बांधलं. गाठ दोनदा सुटली. तात्या त्यांच्याकडं बघत होते. झोपेतून उठलेला माणूस बघतो तसे.

"आगं," ते म्हणाले, "तू जेवलीस का?"

काकी तिथंच खाली बसल्या, तोंडाला पदर लावून. आईनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

मी गाडी चालू केली. त्यांच्या खोलीची खिडकी अंगणाकडंच होती आणि उघडी होती. आतून त्यांचा आवाज स्पष्ट आला.

"दारात कुणाची गाडी हाय गं? कोण आलंवतं?"

काकी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मी रिव्हर्स घेतला.

त्यानंतर तात्यांचा एकही फोन आला नाही. काकींचा येतो कधीतरी. तात्या आता डाव्या हातानं आपलं आपण जेवतात, दोघं संध्याकाळी दारात बसतात, खारीच्या भट्टीच्या गोष्टी निघतात. गाडीचं नाव निघत नाही. एकदा मीच धीर करून बोलले त्यांच्याशी. "कोण, कुंडलची पोरगी का? बरं हाय नव्हं?" असं फार मायेनं म्हणाले, जसं कुणाही ओळखीच्या मुलीला म्हणतील.

आमच्या कॉलेजातल्या सरांना मी हे नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, असा झटका आला की आठवणी जातात, येतात, मेंदूचं काही सांगता येत नाही. तेवढं मला मान्य आहे. पण खिळ्याचं काय, टोपणाचं काय? एका कॉइलमधला करंट तारा न टेकताही शेजारच्या कॉइलमध्ये जातो, हे आण्णांच्या दुकानात मी रोज बघते. पण अंतर थोडं वाढलं की तो संपतो, आणि रहिमतपूर दोन तासांवर आहे. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी खरंच ऐकेन.

गेल्या आठवड्यात ताकारीकडून येताना पुढच्या उजव्या बाजूनं आवाज यायला लागला. घरघर, वळणावर जास्त. बेअरिंग असेल असं वाटलं, नक्की कळेना. मी गाडी उसाच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. पंधरा मिनिटं असतील. मग जॅक काढला, खाली उतरले आणि चाक हातानं फिरवून कान लावला.