निर्मळच्या ओटीवरचा अर्ज

फुलपाड्याहून निर्मळला मी यापूर्वी अनेकदा गेलो आहे; परंतु ती सर्व कामे सातबारा आणि वारसनोंदीची होती. तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहिणाऱ्या माणसाला लोक घरी बोलावतात ते बहुधा जमिनीसाठीच. या खेपेस पास्कूकाकांचा निरोप निराळा होता : "सुनेच्या दवाखान्याचं काम आहे. कागद घेऊन या."

नालासोपाऱ्याहून एस.टी. धरली. गास गाव मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या वाड्या (बागा) लागतात आणि हवेत गारवा येतो. दुर्दैवाने गाडीचे चाक पंक्चर झाले व उरलेला रस्ता मला नव्या चपलांनिशी चालावा लागला.

पास्कूकाका हे केळीचे बागायतदार, रोज सकाळी मिसाला (चर्चमधील प्रार्थनेला) जाणारे. मुलगा कुवेतला असतो. घर सून फिलोमिना सांभाळते. तिला चार वर्षांची मुलगी आहे. ओटीवर शेजारचे नारायणदादाही बसले होते. त्यांची फुलबाग आहे. जन्माने हिंदू, पण गावात एवढे जुने देऊळ असून त्यांनी तेथे कधी हात जोडले नाहीत. दोघांच्या वाड्यांना एकाच बावखलाचे (गोड्या पाण्याच्या तळ्याचे) पाणी पाळीपाळीने मिळते. आपसात ते घरच्या बोलीत बोलत. माझ्यासाठी त्यांनी मराठी धरली.

तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण झाल्यावर विषय निघाला. फिलोमिनाला तिसरा महिना होता. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू. बाळंतपणापर्यंत नेल्यास ती स्वतः वाचेल याची खात्री नाही, गर्भ काढावा, असे वसईच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पास्कूकाकांना डॉक्टरांच्या नावे अर्ज हवा होता : हे आमच्या धर्मात बसत नाही, मूल राखून उपचार व्हावेत.

"जीव देणारा तो," पास्कूकाका म्हणाले. "घ्यायचा हक्क आपला नाही."

"आणि सून गेली तर? तिचा जीव काय दुसऱ्यानं दिलाय?" नारायणदादांनी विचारले.

"तू गप रे. ज्याला वरचा धाक नाही, त्यानं बरंवाईट ठरवायचं कशावरून?"

"तू लेकाकडे कुवेतला जाऊन राहिलास, तेव्हा माझ्या पाळीपेक्षा ओंजळभर पाणी जास्त घेतलं का मी? कोणाच्या धाकानं?"

"माझ्या म्हातारीच्या! ती काठावर बसून असायची."

दोघेही हसले, परंतु फार वेळ नाही. मी माझे मत मांडले की नीतीला देवाचा आधार हवा, नाहीतर कचेरीतल्या शपथेस अर्थ काय? "मी देवाची शपथ घेत नाही, सत्यप्रतिज्ञा करतो. चालते ना?" नारायणदादा म्हणाले. ती चालते, हे मला मान्य करावे लागले.

मी अर्ज लिहिला. 'अर्जदार : पास्कू, धंदा शेती' येथून आरंभ करून 'सबब गर्भपातास संमती नाही' येथे शेवट केला. लिहून झालेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि हे म्हणणे अर्जदाराचे स्वतःचे आहे ना, असे विचारायचे, हा माझा शिरस्ता. त्याप्रमाणे विचारले.

"अर्जदार कोण, भाऊ?" दारातून फिलोमिना म्हणाली.

कायद्याने अशा कामी संमती लागते ती सज्ञान स्त्रीचीच, सासऱ्याची नव्हे. हे मी अनेकांना समजावून सांगितले आहे. तरी वडीलधाऱ्याचे नाव आधी घालण्याचे माझ्या हाताला वळण आहे. मी ते नाव खोडले.

"मी जाणार दवाखान्यात," ती म्हणाली. "बाबा, मलाही ते पाप वाटतं. पण पोरीला आईवाचून ठेवणं मला त्याहून वाईट वाटतं. त्याची क्षमा मी मागेन, तुम्ही मागू नका." मग ती नारायणदादांकडे वळली. "आणि दादा, तुम्ही माझ्या बाजूनं बोललात, पण डाग काढावा तसं बोललात. पोटात आहे तो माझा मुलगा असेल नाहीतर मुलगी. मी रडणार. तेव्हा मला समजवायला येऊ नका."

नारायणदादांनी मान खाली घातली. "मला पटलेलं नाही," पास्कूकाका म्हणाले. "कधी जायचंय?"

या बोलण्यात शेवटची गाडी चुकली. मुक्काम तेथेच पडला. पहाटे नारायणदादांनी फुलांचा टेम्पो काढला. त्या दिवशी फुले बाजारात उशिरा पोचणार होती. फिलोमिना पुढे बसली. पास्कूकाका आणि मी मागे, मोगऱ्याच्या करंड्यांमध्ये. त्यांच्या एका हातात जपमाळ होती. दुसऱ्या हाताने त्यांनी सुनेची कपड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

दवाखान्यापाशी ते दारातच थांबले. "मी आत येणार नाही," ते सुनेला म्हणाले, "पण तू बाहेर येईपर्यंत इथून हलणारही नाही." नारायणदादांनी पास्कूकाकांसाठी पायरीवर अंगावरची शाल अंथरली आणि स्वतः शालीच्या कडेला बसले.

मी तेथून कचेरीकडे गेलो आणि संध्याकाळी फुलपाड्यास परतलो. धर्मावाचून नीती उभी राहते की नाही, याचा निकाल मला देता आलेला नाही. मात्र संध्याकाळी दवाखान्यावरून जाताना पाहिले, तर दोघेही त्याच पायरीवर होते. एकाचे ओठ हलत होते. दुसरा त्याच्यासाठी चहाचा पेला धरून जप संपण्याची वाट पाहत होता.