कौसल्याकाकीला गॅलरी हवी

माणसाने सोसायटीचा सेक्रेटरी होऊ नये. ज्या चाळीत लहानाचा मोठा झालो, तिच्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचा तर मुळीच होऊ नये. कारण मग जिने लहानपणी आपलं नाक पुसलं, त्याच बाईला 'कृपया नोंद घ्यावी' म्हणून नोटीस द्यावी लागते. ती बाई कौसल्याकाकी असेल तर त्या नोटिशीवर ती झेंडू निवडत बसते.

आमची चाळ लालबागला, गिरणीच्या भिंतीला लागून. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काकी हार आणि तोरणं करायची. सकाळी दादरहून फुलांची गोणी यायची, काकी ती जिन्याच्या तोंडाशी ओतायची आणि मजल्यावरच्या बायका आपापल्या दारात बसून ओवायला घ्यायच्या. मांडवाचं लांब तोरण असलं की एकच दोरा तीन-चार दारांसमोरून जायचा. आत कुकर, पुढ्यात फुलं, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. शिटी झाली की उठायचं, गॅस बंद करायचा, परत येऊन बसायचं. रखमाकाकीची सासू कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती, पण रखमाकाकीचं काम एक दिवस बंद पडलं नाही, कारण सासू आणि तोरण यांच्यामध्ये फक्त उंबरा होता. गिरणी बंद पडून नवरे घरी बसल्यावर मजल्यावरची निम्मी घरं या बायकांनी चालवली. त्यात आमचंही एक होतं.

मग टॉवर आला. मी त्याच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. पहाटे डबा घेऊन संडासच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने चाळीच्या आठवणींनी गळे काढू नयेत. पण फ्लॅट चिठ्ठ्या टाकून वाटले आणि मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बायका बावीस मजल्यांवर उधळल्या गेल्या. कौसल्याकाकी अकराव्यावर, रखमाकाकी एकोणिसाव्यावर, माझी आई चौथ्यावर. नकाशा दाखवायला आर्किटेक्ट आला होता तेव्हा काकीने भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, "आणि गॅलरी खय आसा?"

तो गोड हसून म्हणाला, "मावशी, आता गॅलरी कशाला? आता तुम्हाला प्रायव्हसी मिळणार."

काकी माझ्याकडे वळली. "ता काय आसता रे?"

मी म्हटलं, दार लावून बसणं. काकीने कपाळाला हात लावला, ते मला तेव्हा नाटकी वाटलं होतं.

टॉवरमधल्या पहिल्या दसऱ्याला काकीने नेहमीसारखी तोरणांची ऑर्डर घेतली आणि बायकांना आपल्या फ्लॅटमध्ये बोलावलं. सगळ्या 'येते गं' म्हणाल्या. आल्या दोघी. बाकीच्यांचं काय चुकलं सांगा? पंधराव्या मजल्यावर गॅसवर डाळ ठेवून अकराव्यावर कसं बसायचं? बाळ उठलं तर ऐकू कसं येणार? मग काकीने लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये चादर अंथरली. तिथे ना वारा, ना उजेड. झेंडू घामेजून काळा पडला आणि गोणीचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं. लिफ्ट बंद. मला एका सकाळी इतके फोन आले की मी ऑफिसला पोचलो तेव्हा जेवायची सुट्टी झाली होती.

आणि मग तिला रेफ्युजी सापडला. उंच इमारतीत मधल्या एखाद्या मजल्यावर थोडी उघडी जागा मोकळी ठेवावी लागते, आग लागली तर लोकांनी तिथे येऊन थांबायचं. तिचं नाव रेफ्युज एरिया. आमच्याकडे सगळे रेफ्युजी म्हणतात. मी वर्षभर दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला. लांबलचक जागा, एका बाजूने फक्त कठडा, रे रोडच्या बाजूने येणारा वारा. काकीने तिथे गोणी ओतली. जवळच्या मजल्यांवरच्या बायका जिन्याने उतरल्या, लांबच्या दुपारची कामं उरकून आल्या, पोरं आली, रखमाकाकी भाजीची परडी घेऊन आली. मी कामावरून आलो तेव्हा माझी आई तिथे पाय पसरून बसली होती आणि हसत होती. आईला असं हसताना मी टॉवरमध्ये पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी गुपचूप घरी निघून गेलो.

दुसऱ्याच दिवशी कोणा शहाण्याने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे, लाल तोंडं, 'सेक्रेटरी झोपलेत का?' वगैरे. नियम काढून पाहिला. नियम बरोबरच होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. चुकीच्या नियमाशी भांडता तरी येतं. मी कुलूप घेऊन वर गेलो.

"काकी, उठावं लागेल. ही जागा रिकामी ठेवायची असते."

"कोणासाठी?"

"आग लागली तर सगळ्यांना इथे जमता यावं म्हणून."

काकीने हातातलं फूल खाली ठेवलं. "म्हणजे आग लागल्याबिगर ह्या बिल्डिंगीत माणसांनी जमूचा नाय?"

बायका उठल्या. त्यांनीच जागा झाडून दिली आणि मी कुलूप लावलं. निम्मी तोरणं त्या वर्षी दुसरीकडून आली.

दिवाळी झाली आणि काकीने घर सोडलं. पलीकडच्या गल्लीत एक जुनी चाळ अजून उभी आहे, छपरावर निळं प्लास्टिक, संडास टोकाला. तिथे दुसऱ्या मजल्यावर तिने खोली घेतली, भाड्याने. तिचा मुलगा धनेश माझ्या दारात येऊन ओरडला, जणू काही मीच तिला खोली दाखवली होती. "विकासदादा, घरात संडास हवा म्हणून आईने देवीला नवस केला होता! नवस फेडला! आणि आता परत रांगेत?" त्याची बायको मेघना मागे रडवेली उभी. "सगळी गल्ली म्हणतेय, सुनेने हाकललं. मी त्यांना रोज डबा देते हो." दोघांचंही खरं होतं.

मी रागारागाने त्या चाळीचा जिना चढलो. वर पाहिलं तर दारादारात बायका बसलेल्या, सगळ्या अनोळखी, आणि एकच दोरा गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काकी, अगं पाय बघ तुझे. हे जिने झेपणार आहेत का?"

"पाय दुखतत रे," ती ओवता ओवता म्हणाली. "हातांका काय झाला?"

मी तिच्या हातचा चहा पिऊन परत आलो. तिला समजावणं माझ्या बापाला जमलं नसतं.

गेल्या महिन्यात त्या चाळीचीही मीटिंग लागली. बिल्डर आला होता आणि अनुभवी म्हणून मला बोलायला बोलावलं होतं. माणसं खाली चौकात खुर्च्यांवर, बायका वर गॅलरीत फुलं ओवत ऐकत होत्या. मी ठरवूनच गेलो होतो. पाणी, लिफ्ट, आतलं बाथरूम, सगळं सांगितलं. मग आवाज चढवून म्हटलं, "पण गॅलरी मिळणार नाही. शेजारीण कुठल्या मजल्यावर जाईल ते चिठ्ठी ठरवणार. वर काम चाललंय ना, ते बंद होणार."

वरून एका तरुण मुलीने कठड्यावरून वाकून विचारलं, "पण संडास घरात ना, दादा?"

"हो."

"मग बोला की तसं."

मत हात वर करून घ्यायचं ठरलं. खालचे सगळे हात वर गेले. बिल्डरच्या माणसाने मान वर करून विचारलं, "ताई, तुमचं काय?" एकीने दोरा मांडीवर ठेवला आणि हात वर केला. मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. हळदीसारखी पिवळी बोटं. इतक्या हातांतून सुटल्यावर दोरा सैल पडला आणि फुलं घरंगळायला लागली. कौसल्याकाकी भाडेकरूची भाडेकरू, तिला मत नव्हतं. ती गुडघे टेकून दोऱ्याची टोकं गोळा करत होती, एक या हातात, एक त्या हातात, तिसरं दातात. मला खालून ते बघवेना.

बिल्डरचा माणूस बोट नाचवत हात मोजत होता, चुकला म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काकीने दातातला दोरा सोडला आणि वरूनच माझ्यावर ओरडली.

"विकास, मेल्या, हात खाली करूक सांग त्यांका! फुलां सुकतत!"