काळ्या-पांढऱ्या भिंतीसमोरचे मामा

दि. ९ जुलै २०१९, मंगळवार, सकाळचे ११ वाजून ४० मिनिटे. या क्षणापर्यंत माझे मामा मला रायगड जिल्ह्यातले सर्वांत विनोदी गृहस्थ वाटत असत. या क्षणानंतर मला त्यांची भीती वाटू लागली आणि ती अजून गेलेली नाही. पेण आणि रोहा यांच्या दरम्यान जितकी माणसे राहतात, त्या सर्वांना त्यांचे डोळे दिवसातून निदान दहा वेळा फसवतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. मामांचे डोळे मामांना सहसा फसवत नाहीत. असा माणूस घरात असणे म्हणजे वजनकाटा असण्यासारखे आहे. त्याचा उपयोग सर्वांना मान्य असतो, पण त्यावर उभे राहायला कुणी धजावत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. रोह्याला आमच्या घराला लागून असलेल्या खोलीत ते एकटे राहतात आणि रोज सकाळच्या गाडीने पेणला जाऊन गणपतीच्या एका कारखान्यात आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणे. ते डबीत चार पोह्याचे पापड नेतात आणि त्यांतला एखादा पुरेसा गोल नसेल तर तो माघारी आणतात. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे ते पाहत नाहीत, परंतु त्याच्या शर्टाची तिसरी गुंडी बदललेली असेल तर तो बदल त्यांना लगेच कळतो. खांब गावच्या एका लग्नात मंगलाष्टके ऐन रंगात आलेली असताना ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "नवऱ्याची मुंडावळ डाव्या अंगाला दोन सूत लांब हाय." गवंडी आणि सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, मामा त्याच मापात जगतात. भटजी थांबले, मुलीच्या काकांनी मुंडावळ मोजली, आणि ती दोन सूत लांब निघाली. त्यानंतर आम्हाला खांबहून आमंत्रण आलेले नाही. त्यांच्या बेचाळिसाव्या वर्षी मीच त्यांना पुण्यात एका डॉक्टरांकडे नेले, तेव्हा या सगळ्याला स्वमग्नता असे नाव मिळाले. मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "अक्षर उजवीकडं उतरतंय."

त्यांच्या हातच्या डोळ्यांची पेणमध्ये ख्याती आहे. त्यांनी आखलेला गणपती, गिऱ्हाईक दुकानात कुठेही उभे राहिले तरी त्याच्याकडेच पाहतो. लहानपणी मी त्या नजरेला इतकी घाबरत असे, की कारखान्यात आईच्या पदराआडून चालत असे. एकदा मी मामांना विचारले, "तुम्हाला नाही का वाटत, हे सगळे आपल्याकडे बघताहेत?" ते कुंचला धूत म्हणाले, "कुनाकडं बगत नाय गो. शाडू हाय तो." ज्याने हजारो भक्तांना देवाच्या नजरेत उभे केले, त्याच्यावर त्या देवाने एकदाही नजर टाकलेली नव्हती. मी पुढे दृष्टिभ्रम हाच संशोधनाचा विषय घेतला, त्याची सुरुवात बहुधा त्या उत्तरात असावी.

विषय मिळाला तो मात्र एका भिंतीमुळे. कारखान्याचे मालक आण्णा हे उदार, घाईचे आणि स्वस्ताईला भुलणारे गृहस्थ. कुणाच्या तरी बंगल्यातून उरलेल्या काळ्या आणि पांढऱ्या फरशा त्यांनी उचलून आणल्या आणि शेडच्या मागच्या भिंतीला लावायला सांगितल्या. गवंड्याचा हात विटांना सरावलेला. विटेच्या सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. त्याने फरशाही तशाच लावल्या, प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा अर्धी फरशी सरकवून. काम पूर्ण झाले आणि सगळा कारखाना हादरला. भिंतीवरच्या आडव्या ओळी एका टोकाला फाकलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मिटलेल्या दिसू लागल्या. त्या भिंतीला पाठ लावून मूर्तींना खडे चिकटवणाऱ्या आठ बायका बसत. त्यांनी बसायलाच नकार दिला. आण्णा गवंड्याच्या अंगावर धावून गेले. मी तेव्हा सुटीवर आले होते. मी एक दोरा मागवला, प्रत्येक ओळीवर ताणून धरला आणि सिद्ध केले, की सर्व ओळी सरळ आणि समांतर आहेत. वाकडेपणा भिंतीत नसून पाहणाऱ्यात आहे.

"म्हंजे आमचे डोळे येडे?" त्या आठजणींच्या म्होरक्या कुंदाताई म्हणाल्या.

"डोळे नाही हो, मेंदू फसतो."

"मग काय हरकत नाय. तो येडा हाय, हे आमच्या घरच्यांनी कवाच सांगितलंय."

सगळ्या हसल्या आणि पाट टाकून बसल्या. तेव्हापासून भिंत वाकडी दिसते असे कुणी म्हटले, की दुसरे कुणीतरी "ती डॉक्टरीणबाईंची भिंत हाय" असे सांगून त्याला गप्प करी. दोन वर्षांत माझा सिद्धान्त इतका रुजला, की त्या भिंतीकडे पाहणेच सर्वांनी सोडून दिले. मला त्याचा अभिमान वाटत होता. हे वाक्य लिहिताना आज हात थबकतो.

भिंत पाहून न दचकलेला कारखान्यात एकच माणूस होता. "सरळच हाय की," असे म्हणून मामा पुन्हा डोळे आखू लागले होते. साहजिकच माझ्या प्रयोगातली पहिली व्यक्ती तेच झाले. सहा चित्रे होती. प्रत्येकात एक सरकती पट्टी सरळ दिसेपर्यंत हलवायची आणि मी चूक अंशांत मोजायची. त्यांतल्या दोन चित्रांत मामा माझ्याइतकेच फसले, आणि मला एक हलकट आनंद झाला, हे कबूल करते. स्वमग्न माणसे दृष्टिभ्रमांना कमी बळी पडतात का, याविषयी आमच्या क्षेत्रात एकमत नाही. मामा एकटे ते घडवून आणतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. परंतु काळ्या-पांढऱ्या भिंतीच्या चित्रात मी सरळ पट्टी दर वेळी वाकडी करून ठेवत असे, तर मामा ती शून्यावर आणून हात काढून घेत. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे शून्यांची एक शांत ओळ तयार झाली होती. तिच्या बळावर मी परदेशी प्रयोगशाळेचा अर्ज लिहायला घेतला होता.

त्या जुलैत मोजणीची दुसरी फेरी घ्यायला मी पेणला पोहोचले, तेव्हा आण्णा दारातच भेटले. "बरं झालं आलीस. तुझ्या मामानं सकाळपासून एक डोळा आखला नाय. स्टूल उचलून तिकडं जाऊन बसलाय. ऐन सिझन हाय, त्याला समजव." मामा शेडच्या दुसऱ्या टोकाला, हात मांडीखाली दाबून बसले होते. "भिंत कालच्यावानी नाय," ते म्हणाले.

"आरं, तुझ्या भाचीनंच सांगितलंय, ती तशीच दिसते!" आण्णा ओरडले.

मी हसत दोरा मागवला. तोच खेळ, तोच प्रेक्षकवर्ग. ओळीवर दोरा ताणला. ओळ सरळ होती. बायकांनी सुस्कारे टाकले. कुंदाताई म्हणाल्या, "भाऊ, आता तरी उठा, देव आंधळे बसलेत."

"ओळ नाय गो," मामा माझ्या चपलांकडे पाहत म्हणाले. "भिंत."

"मामा, हा दृष्टिभ्रम आहे," मी म्हणाले. घड्याळात ११.४० झाले होते आणि नोंद करण्यासाठी हातातली वही उघडी होती. त्या पानावर माझी शून्ये होती. हा दृष्टिभ्रम ज्याला होत नाही असा मला माहीत असलेला एकमेव माणूस मला सांगत होता, की भिंत वाकडी आहे. आणि मी त्याला त्याच दृष्टिभ्रमाचे नाव सांगत होते. आडवा दोरा ओळींचा सरळपणा दाखवतो. अख्खी भिंत पुढे झुकली, तरी तिच्याबरोबर ओळीही झुकतात आणि तितक्याच सरळ राहतात. मी चुकीची दिशा मोजत होते, आणि आठ बायका त्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

भिंतीमागचे शेत भराव घालून उंच केले होते, आणि तो भराव आठवडाभर पाणी पीत होता. मी रंगाच्या डब्याला सुतळी बांधून तो ओळंबा म्हणून भिंतीच्या माथ्यावरून सोडला. खाली भिंत आणि सुतळी यांच्यात तीन सुतांचे अंतर होते. पाऊण तासाने पुन्हा मोजले, पाच सूत. मी सर्वांना सांगितले, की माझी चूक झाली, भिंत खरोखर झुकते आहे, इथून उठा. माझ्या संशोधक-आयुष्यातले ते सर्वांत महत्त्वाचे विधान होते आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. "संध्याकाळी गवंडी बोलावतो," आण्णा म्हणाले, "भिंतीच्या फळ्यांवरचा माल ओला हाय, हलवला तर तडकंल." कुंदाताईंनी खडा चिकटवत माझीच समजूत काढली, "तुमीच शिकवलंत ना बाय, ती दिसते तशी नसते? घाबरू नका."

मी आवाज चढवला, हात जोडले, एकीचा दंड धरला. काहीही घडले नाही. मग मामा उठले. माणसांच्या जवळ जायला कचरणारे मामा सरळ त्या ओळीत शिरले. कुंदाताई पाणी प्यायला उठल्या होत्या. मामांनी त्यांचा पाट उचलला, खड्यांचा डबा उचलला, आणि दोन्ही नेऊन शेडच्या मध्यावर ठेवले. परत येऊन ते दुसरीसमोर हात पुढे करून उभे राहिले.

"पाट."

"काय पाट? डोकं फिरलंय का भाऊ?"

"पाट द्या."

त्या उठेपर्यंत हात खाली झाला नाही. असे सात वेळा. शिव्या, हशा, "यांना आज चढलीय", यांतले काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. आठही पाट त्याच क्रमाने, तितक्याच अंतराने, एका रेषेत मांडले गेले, आणि बायका कुरकुरत जाऊन आपापल्या पाटांवर बसल्या. आपला पाट जिथे, तिथे आपण, एवढ्याच कारणाने. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी भिंत खाली आली. आवाज इतका मोठा होता, की तो मला आठवतच नाही. आठवते ती पांढरी धूळ, फळ्यांसकट गेलेल्या चाळीस मूर्ती, आणि कुंदाताईंच्या बोटाच्या टोकावर तसाच चिकटून राहिलेला एक लाल खडा. मामा कान घट्ट झाकून, डोळे मिटून उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढले आणि म्हणाले, "आता नाय हलायची."

"मामा, पाट तिथेच का ठेवलेत?"

"दहा फूट हाय. भिंत नऊ फूट उंच. पडली तर आडवी नऊ फूट जाईल. एक फूट जास्ती धरला."

नवी भिंत साधी, पांढरी आहे. तिच्यासमोर मामांचे मन रमत नाही. "ती बरी होती. बगायला होती," असे ते अजून म्हणतात. मला त्यांची वाटणारी भीती थोडी निराळी झाली आहे. पूर्वी ते काय पाहतील याची धास्ती होती. आता, ते शेजारी नसतील तेव्हा मी काय काय पाहणार नाही, याची आहे. परदेशचे पत्र आले त्या दिवशी मी त्यांना विचारले, "मामा, मी जाते आहे ते बरोबर दिसतंय ना?" त्यांनी गणपतीच्या डाव्या डोळ्यातून कुंचला काढला आणि म्हणाले, "लांबचं मला दिसत नाय गो."

ती वही मी सामानात घेतली आहे. शून्यांची ओळ प्रबंधात गेली. त्यानंतरच्या पानावर, धूळ खाली बसल्यावर दुसरे काय करावे हे न सुचून मी घेतलेले एकच माप आहे. घरंगळत सर्वांत पुढे आलेल्या विटेपासून कुंदाताईंच्या पाटापर्यंत: पाच इंच.