बिनविरोध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. तो गेला तेव्हाही त्याला वाटत होतं, आपली बायको सरळ आहे. मुलीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असता तर? तर बहुतेक गप्पच बसले असते.

पेपरात दूरदूरच्या देशांच्या बातम्या येतात. एकच पक्ष, एकच माणूस, वीस-वीस वर्षं तोच. निवडणूक होते आणि सगळी मतं त्यालाच. आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमधल्या बायका खाली बाकड्यावर बसून म्हणतात, लोक सहन तरी कसे करतात गं? मला माहीत आहे कसे करतात. आधी सहन करत नाहीत ते — आधी त्यांना तो आवडतो.

मी अंधेरीला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. अडीचशे कामगार, बहुतेक बायका. सुटताना गेटवर वॉचमन पिशव्या तपासायचे. पुरुष वॉचमन, आणि पिशवीच्या नावाखाली अंगालाही हात लागायचा. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. मशीनवर परब म्हणून एक होता, मालवणचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. त्याने एके सकाळी सगळ्यांना गेटबाहेर बसवलं. तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी तपासणीला बाई आली. त्या संध्याकाळी मी घरी देवासमोर नारळ ठेवला — परबसाठी.

वाईट माणूस म्हणून तो आलाच नाही हो. हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कंपनीत तेव्हा दोन युनियन होत्या. परब म्हणाला, एका घरात दोन चुली कशाला? दुसऱ्या युनियनचा पुढारी सुपरवायझर झाला आणि ती चूल विझली. पहिली निवडणूक पेटीत चिठ्ठ्या टाकून झाली. दुसरी कँटीनमध्ये हात वर करून. आपल्या माणसांत गुप्त काय ठेवायचं, असं तो म्हणाला आणि आम्ही हसलो. तिसऱ्या वेळेला कोणी उभंच राहिलं नाही. तोवर माझं अक्षर चांगलं म्हणून त्याने मला सहचिटणीस केलं होतं, मिटिंगचं वहीत लिहायला. 'श्री. परब यांची टाळ्यांच्या गजरात बिनविरोध निवड झाली,' असं मी लिहिलं. वाक्य मला इतकं आवडलं की पुढे दर वेळेला तेच लिहीत गेले.

त्याने कधी कोणाला मारलं नाही. शिवीसुद्धा नाही. फक्त कोणाला कुठली पाळी, कोणाला गणपतीची रजा, कोण पॅकिंगला आणि कोण पावडर खात्यात, हे हळूहळू त्याच्या शब्दावर ठरायला लागलं. पावडर खात्यात धूळ. नाकातोंडात, पापण्यांवर, डब्यातल्या भाजीवर. जिने तोंड उघडलं ती महिन्याभरात तिकडे जायची. आणि बाकीच्या? प्रत्येकीला वाटायचं, बाकी सगळ्या त्याच्याच आहेत, नाराज मी एकटीच. एवढ्या जणी, आणि जी ती एकटी.

मी नव्हते एकटी. माझ्यासमोरच्या टेबलावर अठरा वर्षं रेजिना होती. मरोळच्या गावठाणातली, ख्रिश्चन, मराठी माझ्यापेक्षा ठसक्यातली. माझ्या बाळंतपणात तिने माझ्या वाटचं काम ओढलं होतं. तिच्या आईच्या मयतीला मी तिच्या घरी चार दिवस जेवण केलं होतं. असं होतं आमचं.

मग पावडर खात्यातली लता चक्कर येऊन पडली. एकदा नाही, आठवड्यात दोनदा. मास्कचं काय झालं म्हणून रेजिनाने परबला विचारलं. तो म्हणाला, बघतो. कंपनीला त्याने आधीच शब्द दिला होता की यंदा मागण्या नाहीत. मला माहीत होतं ते. वहीत मीच लिहिलं होतं.

रविवारी चर्चमधली मिसा आटपून रेजिनाने मला घरी बोलावलं. जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी एक कागद ठेवला. अध्यक्षपदाचा अर्ज. सूचक म्हणून लताची सही होती. अनुमोदकाची जागा रिकामी होती.

"मी काय जिंकत नाय, मला म्हायतेय," ती म्हणाली. "पण एकदा पेटी तरी ठेवू दे ना त्याला. हरले तर हरले. तुझी सही असली की बायकांना धीर येईल, सुनंदा. तू त्याच्या बाजूला बसतेस."

मी सही केली. खरं सांगते, मनापासून केली. कोणी हात धरला नव्हता. उष्ट्या हाताने नको म्हणून उठून हात धुतला, पुसला आणि मग केली.

मंगळवारी परबने युनियनच्या खोलीत बोलावलं. रेजिनाने आदल्या दिवशी दिलेला तो अर्ज त्याच्यासमोर होता. त्याने मला चहा मागवला. आवाज चढवला नाही, बसायला खुर्ची पुढे केली.

"काय गो सुनंदा," तो म्हणाला, "ही सही तुझी, की कोणी तुझ्या नावान केल्यान?"

बघा, दार त्यानेच उघडून दिलं. मला फक्त आत जायचं होतं. किती वेळ लागला असेल? मला वाटतं, चहाचा एक घोटही झाला नव्हता.

"माझी नाही ती," मी म्हटलं.

हाच तो गुन्हा. पण तिथे संपला नाही.

शुक्रवारी कँटीनमध्ये सर्वसाधारण सभा झाली. परबने अर्ज वाचून दाखवला आणि म्हणाला, खोट्या सह्या करून युनियन फोडायची तयारी चालली आहे. रेजिना उठली. तिला अजून कळलं नव्हतं. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"सुनंदा, सांग ना गं त्यांना," एवढंच म्हणाली.

मी उभी राहिले आणि दुसऱ्यांदा म्हटलं, अडीचशे जणांसमोर, ऐकू जाईल एवढ्या आवाजात. लताने मान खाली घातली. तिची सही खरी होती, पण आता तीही बोलली नाही. रेजिनाला युनियनमधून काढल्याचा ठराव झाला, एकमताने. मी तो लिहून घेतला. अक्षर वळणदारच आलं.

ती ओरडली नाही. माझ्याशी भांडायलाही आली नाही. तिला पावडर खात्यात टाकलं. तिच्याशेजारी कोणी डबा उघडेना. खोट्या सहीची बाई, असं नवीन आलेल्या मुलीही म्हणायच्या. आठ महिन्यांनी तिने राजीनामा दिला. ते आठ महिने मी जनरल शिफ्टला होते, पंख्याखाली.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. मी रिटायर झाल्यावर जुन्या मैत्रिणी कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशाला भेटायला लागल्या. एकीने सहज सांगितलं — मी त्या वेळी रेजिनाला मत देणार होते, पण तूच नाही म्हणालीस, मग काय बोलणार? मग दुसरीने सांगितलं. मग आणखी एकीने. मी मोजणं सोडून दिलं. परबकडे बघत होतं कोण? सगळी कँटीन माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तोंड मी त्याला दिलं. त्यानंतर तो चार वेळा निवडून आला. अजून आहे. लताचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

रेजिना मागच्या वर्षी वारली. तिच्या बहिणीचा फोन आला होता, मातीची वेळ कळवायला. गुडघे दुखतात म्हटलं. गुडघे दुखत नव्हते.

तुम्हाला वाटेल, बिचारी घाबरली असेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. पण मी घाबरले नव्हते. पावडर खातं त्या क्षणी माझ्या मनातही आलं नाही. त्याने सगळ्यांदेखत मला नावाने हाक मारावी, खुर्ची पुढे करावी, हे मला आवडायचं. रेजिनापेक्षा जास्त आवडायचं.